रेघ हलली, काम गेले

आमच्या घराण्यात नकाशा काढणारी पहिली व्यक्ती म्हणजे आमची पुतणी. दादा गवंडी. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवर दुसऱ्यांची घरे बांधली. वहिनी घरी शिलाई करतात. आम्ही बी. कॉम. होऊन सातपूरच्या एका कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर बसलो. पोरीने मात्र आय. टी. आय.मधून ड्राफ्ट्समन मेकॅनिकलचा दोन वर्षांचा ट्रेड पुरा केला. त्यानंतर वहिनींनी कानातली फुले गहाण ठेवून तिला संगणकावर नकाशे शिकवणाऱ्या एका खासगी क्लासला घातले. प्रमाणपत्र हाती आले त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. आमच्याच ओळखीने तिला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम लागले.

चौथ्या महिन्यात, २०२५ च्या जूनमधल्या एका शनिवारी, ती रडतच घरी आली. शेठने सांगितले होते, "सोमवारपासून येऊ नको."

वस्तीत कुणावर अन्याय झाला की अर्ज लिहिण्याचे काम आमच्याकडे येते. रेशनकार्डापासून बाकी पगारापर्यंत कितीतरी अर्ज आम्ही लिहिले. घरच्याच लेकरावर ही पाळी आलेली पाहून आमचे डोके तापले. रविवारी सकाळी अर्जाचा मसुदा खिशात घालून, पोरीला बरोबर घेऊन, आम्ही त्या वर्कशॉपमध्ये गेलो.

शेठ म्हणाले, "बसा साहेब. आधी हे बघा, मग भांडा."

त्यांनी टेबलावर एक लोखंडी प्लेट ठेवली. तिला चार भोके होती. शेजारी ही प्लेट ज्यावर बसवायची तो बेस होता. त्यातल्या भोकांना आटे पाडलेले होते. शेठने आमच्या हातात चार बोल्ट दिले. "घाला." डावीकडचे दोन बोल्ट बसले. उजवीकडचे दोन काही केल्या आट्यात जाईनात. "अशा चाळीस प्लेटा कापून आल्या आहेत. आता भंगाराच्या भावाने जातील."

प्रकार असा झाला होता. मूळची प्लेट १६० मिलिमीटर लांब आणि १०० रुंद. प्रत्येक भोक जवळच्या कडेपासून २० मिलिमीटर आत. गिऱ्हाइकाने नवी ऑर्डर दिली, ती १८० लांबीच्या प्लेटची. म्हणजे डाव्या-उजव्या भोकांतले अंतर आता १४० हवे होते. प्रत्यक्षात ते १३८.६ भरले. बोल्ट ८ मिलिमीटरचा, भोक ९ चे. म्हणजे ढिलाई एका मिलिमीटरची आणि चूक १.४ ची. बोल्ट बसणार कसा?

शेठने संगणकावर पोरीची फाइल उघडली, एका भोकावर माउस नेला आणि ओढला. भोक पाण्यावरच्या पानासारखे बाजूला सरकले. दुसरे ओढले, तेही सरकले. पोर खाली मान घालून म्हणाली, "काका, लांबी बदलल्यावर उजवीकडची भोके जागेवरच राहिली होती. मी ती ओढून लावली. स्क्रीनवर बरोबर दिसत होती."

आमचा अर्ज खिशातच राहिला.

निघताना आम्ही एवढेच म्हणालो, की फाइल लेझर कटिंगला पाठवण्यापूर्वी दुसऱ्या कुणी मापे तपासली असती तर चाळीस प्लेटा वाचल्या असत्या. शेठ गप्प राहिले. पण आम्हीही मनातून गप्प झालो होतो. ही पोर तयार आहे, अशी ग्वाही त्यांना आम्हीच दिली होती. कशाच्या जोरावर? प्रमाणपत्रावर शिक्का होता म्हणून!

रस्त्यात आम्ही तिला विचारले, "हे बांधून ठेवण्याचे क्लासमध्ये शिकवले नाही का?" ती म्हणाली, "सर स्क्रीन बघायचे. चित्र पुस्तकासारखे दिसले की बरोबरची खूण करायचे."

वाचकहो, येथेच सारी गोम आहे. बरोबर दिसणे वेगळे आणि बरोबर असणे वेगळे.

हे नीट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. कागदावर टी-स्क्वेअरने काढलेली रेघ एकदा उमटली की तेथेच राहते. माप बदलले तर खोडायचे आणि पुन्हा काढायचे. ओझरचा विमान कारखाना १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिला, त्या काळी नकाशा म्हणजे कागद, पेन्सिल आणि ड्रॉईंग बोर्डच. परंतु त्याच्या आधीच, १९६३ साली, अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने 'स्केचपॅड' नावाची संगणक प्रणाली आपल्या प्रबंधात मांडली होती. प्रकाश-लेखणीने पडद्यावर ओबडधोबड आकृती काढायची आणि मग संगणकाला सांगायचे, या दोन रेघा समांतर असू देत, हा काटकोन असू दे, या दोन बाजू सारख्या असू देत. संगणक त्याप्रमाणे आकृती सरळ करून देई.

पुढे सॅम्युएल गाइसबर्ग यांनी १९८५ साली अमेरिकेत पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजी कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन केली. तिच्या 'प्रो-इंजिनिअर'ने ही विद्या मोठ्या कारखान्यांत नेली. १९९५ साली 'सॉलिडवर्क्स' आले, ते विंडोजच्या साध्या संगणकावर चालणारे. तेव्हापासून अशी सॉफ्टवेअरे लहान वर्कशॉपपर्यंत पोहोचली.

'पॅरामेट्रिक' हा शब्द जड वाटला तरी अर्थ सोपा आहे. आकार आकड्यांशी बांधलेला असतो. आकडा बदलला की आकार आपोआप बदलतो. आधी सपाट आकृती काढायची, तिला 'स्केच' म्हणतात. मग तिला जाडी देऊन वस्तू उभी करायची. पण हे सारे चालते कधी? स्केचमधल्या प्रत्येक रेघेला व वर्तुळाला आपली जागा आणि आपले नाते सांगितलेले असेल तेव्हाच. या सांगण्याला इंग्रजीतून आलेला शब्द आहे 'कन्स्ट्रेंट', म्हणजे बंधन.

बंधन म्हटले की आमच्या लोकांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती का पडते हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. पण लोखंडाच्या कामात गोष्ट उलटी आहे. मोकळ्या ठेवलेल्या भोकाला कुणीही, कोठेही ढकलू शकतो.

त्या रविवारपासून आम्ही आणि पुतणी रोज रात्री समाजमंदिरातल्या अभ्यासिकेत बसू लागलो. तेथे एक जुना संगणक आहे. त्यावर 'फ्रीकॅड' टाकले. हे सॉफ्टवेअर २००२ पासून जगभरचे लोक मिळून घडवीत आहेत. त्याची १.० आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये निघाली. ते फुकट मिळते आणि तेही कायदेशीरपणे. यात एक सोय आम्हास फार आवडली. स्केचमध्ये अजून किती मोकळीक शिल्लक आहे, याचा आकडा ते समोर दाखवते.

आकडा म्हटला की कारकुनाचा जीव रमतो. आम्ही पोरीला म्हणालो, "थांब, याची खतावणी करू."

सपाट पृष्ठावर एका बिंदूला दोन मोकळिकी असतात, आडवे सरकणे आणि उभे सरकणे. रेघेला दोन टोके, म्हणून चार. चौकोनाच्या चार सुट्या रेघा धरल्या तर सोळा. चारही कोपरे जोडले की प्रत्येक कोपऱ्यामागे दोन, अशा आठ गेल्या. उरल्या आठ. दोन रेघा आडव्या आणि दोन उभ्या ठरवल्या की आणखी चार गेल्या. उरल्या चार. लांबी १८० आणि रुंदी १०० दिली की दोन गेल्या. आता चौकोनाचा आकार पक्का झाला, पण चौकोन अख्खाच्या अख्खा सरकू शकतो.

दादा मागे उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "अरे, आधी एक कोपरा पक्का करा. खुंटी ठोकल्याशिवाय दोरी कशी ताणणार?" बरोबर तेच! स्केचमध्ये आरंभबिंदू असतो, ती खुंटी. एक कोपरा त्याला बांधला की उरलेल्या दोनही गेल्या. शिल्लक शून्य. पांढऱ्या रेघा हिरव्या झाल्या. सॉलिडवर्क्समध्ये हेच रंग वेगळे आहेत. मोकळी रेघ निळी आणि पक्की रेघ काळी. पोर हळूच म्हणाली, "काका, वर्कशॉपमधली माझी भोके निळी होती. मला वाटले, तो रंगच तसा असतो."

मग भोके घेतली. एका वर्तुळाच्या तीन मोकळिकी असतात, मध्यबिंदूच्या दोन आणि आकाराची एक. चार भोकांच्या बारा. चारही भोके सारखी ठरवली, तीन गेल्या. एकाला ९ चा व्यास दिला, आणखी एक गेली. उरल्या आठ. वरची दोन एका पातळीत, खालची दोन एका पातळीत, डावीकडची दोन एका ओळंब्यात, उजवीकडची दोन एका ओळंब्यात. चार गेल्या. उरलेल्या चारांसाठी डाव्या, उजव्या, वरच्या व खालच्या कडेपासून २० हे माप दिले. शिल्लक शून्य. माउसने भोक ओढून पाहिले. ते तसूभरही हलले नाही. पोरीच्या चेहऱ्यावर आठ दिवसांनी हसू आले.

आता कुणी म्हणेल, बंधने जितकी जास्त तितके चांगले. तसेही नाही. आम्ही लांबी १८०, डावीकडे २०, उजवीकडे २० दिल्यावर भोकांमध्ये १४० हेही माप घालून पाहिले. फ्रीकॅडने लगेच तक्रार केली, की हे बंधन जादा आहे. खरेच आहे. तीन मापे दिली की चौथे आपोआप निघते. तेच पुन्हा सांगणे म्हणजे एकच बिल वहीत दोनदा टिपणे. आज दोन्ही जुळतील, पण उद्या त्यातले एक बदलले की भांडण ठरलेले.

दुसरी एक पळवाटही सापडली. हवे तेथे भोक ओढून न्यायचे आणि 'लॉक' करून टाकायचे. रंग लगेच हिरवा! आमच्या धंद्यात याला सस्पेन्स खाते म्हणतात. तेरीज जुळत नाही म्हणून फरक सस्पेन्सला टाकायचा आणि साहेबाला जुळलेला कागद दाखवायचा. चूक तेथेच असते, फक्त तिच्यावर झाकण पडते. लॉक केलेले भोक प्लेटची लांबी वाढली तरी जागचे हलणार नाही.

आणि सगळ्यात मोठा धडा यापुढेच होता. आम्ही भोकांची मापे दोन तऱ्हांनी देऊन पाहिली. पहिल्या तऱ्हेत डाव्या कडेपासून २० आणि उजव्या कडेपासून २०. दुसऱ्या तऱ्हेत डाव्या कडेपासून २० आणि तेथून पुढच्या भोकापर्यंत १४०. लांबी १८० असताना दोन्ही स्केचे अगदी एकसारखी. दोन्ही हिरवी, दोन्हींची शिल्लक शून्य. मग लांबी २०० केली. पहिल्यात भोकांतले अंतर १६० झाले आणि कडा २० राहिल्या. दुसऱ्यात अंतर १४० च राहिले आणि उजवी कड ४० झाली.

यातले बरोबर कोणते? हे संगणकाला माहीत नाही. भोके कडेपासून हवी असतील तर पहिले बरोबर. पण त्या प्लेटवर मोटर बसायची असेल, तर मोटरच्या पायांतले अंतर प्लेट वाढल्याने थोडेच वाढते? तेथे दुसरे बरोबर. म्हणजे रेघ काढण्याआधी विचारायचे, ही वस्तू कशासाठी आहे, तिच्यात काय बदलेल आणि काय कधीच बदलणार नाही. बी. कॉम.ला आम्ही हेच शिकलो होतो. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे नव्हे. चुकीच्या खात्यात नोंद गेली तरी तेरीज जुळते!

घरी आल्यावर हे वहिनींना सांगितले. त्या मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "ब्लाउजचे कापड मी घडी घालून का कापते? दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्या तर एक मोठी, एक लहान होणारच." पोरीने दुसऱ्या दिवशी तेच करून पाहिले. प्लेटचा मध्य आरंभबिंदूवर आणला आणि डावी-उजवी बाजू मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना सारखी बांधली. एक बाजू बदलली की दुसरी आपोआप बदलू लागली. वहिनींची घडी सॉफ्टवेअरमध्येही असते, तिला 'सिमेट्री' म्हणतात.

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा त्या वर्कशॉपमध्ये गेलो. या वेळी खिशात अर्ज नव्हता. पोरीच्या हातात पेन ड्राइव्ह होता. शेठने तिच्या जागी एक मुलगा घेतला होता. तो शेजारीच बसला होता. तिने तिच्या प्लेटची नवी फाइल उघडली. शेठ काही बोलले नाहीत. त्यांनी माउस धरून भोक ओढले. हलले नाही. लांबी २०० केली, मग १५०, मग २६०. प्रत्येक वेळी भोके कडांमागोमाग गेली. मग त्यांनी त्या मुलाने सकाळी केलेली एक फाइल उघडली आणि तसेच ओढले. रेघ सुटून आली. तो मुलगाही एका क्लासचे प्रमाणपत्र घेऊनच आला होता.

शेठ बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. मग म्हणाले, "दोघांना पूर्ण पगार मला झेपणार नाही. ही अर्धा दिवस येऊ दे. महिनाभर बघू." पोरीने होकार दिला. आम्ही आणखी एक गोष्ट मागितली, की फाइल बाहेर जाण्यापूर्वी दुसऱ्या माणसाने मापे तपासावीत आणि कागदावर सही करावी. शेठनी ते मान्य केले. पुढे दोन महिन्यांनी तिचे काम पूर्ण दिवसाचे झाले. चाळीस प्लेटांचे नुकसान मात्र भरून आले नाही. ते शेठचे गेले. आणि वहिनींची फुले अजून सोडवायची आहेत.

नाशकात सातपूर-अंबडच्या शेडमधून आपली कितीतरी मुले-मुली आज अशा कामावर बसली आहेत. आईबापांना आमचे सांगणे एवढेच. क्लासची फी भरण्याआधी तेथील शिक्षकाला एक साधी प्लेट काढायला सांगा. मग त्याची एक रेघ माउसने ओढून पाहा. नंतर लांबी दुप्पट करा, निम्मी करा. आकृती मोडली तर तेथून उठा. तुम्हाला संगणक येत नसला तरी चालेल, ओढणे कुणालाही येते. स्केच साधे ठेवायला शिकवतात का, कोपऱ्यांच्या गोलाया स्केचमध्ये न कोंबता मागाहून वस्तूवर द्यायला सांगतात का, आधी नाती आणि मग मापे हा क्रम पाळतात का, हेही विचारा. आणि ज्यांची मुले शिकून बसली आहेत त्यांनी त्यांना घरच्या घरी फ्रीकॅडवर हात बसवू द्यावा. त्याला फी लागत नाही.

आम्हीही एक नियम केला आहे. यापुढे वस्तीतल्या कुणासाठी शब्द टाकायचा झाला तर नुसते प्रमाणपत्र बघून टाकायचा नाही. काम समोर ठेवायचे, एकदा ओढून बघायचे, मगच ग्वाही द्यायची.

परवा पुतणीने आमच्या हातात एक कागद दिला. दादा गावाकडे दोन खोल्या बांधणार आहेत. त्याचा नकाशा तिने काढला होता. दादांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, "खोली एक फूट वाढवली तर?"

ती म्हणाली, "वाढवा की दादा. दार आपोआप मधेच येईल."